पीटीला बदली माणूस

माझं शिक्षण चौथीपर्यंत. आमच्या शाळेत व्यायाम म्हणजे सकाळी ओळीत उभं राहून हात वर-खाली करायचे आणि मग गुरुजींच्या घरी विहिरीचं पाणी भरायचं. पाणी भरल्यानं रांजण भरायचा, ते डोळ्यांना दिसायचं. हात वर-खाली केल्यानं काय भरायचं ते मला कळलं नाही, आणि विचारायची पद्धत नव्हती. त्यामुळं नात नववीत गेली आणि घरी येऊन 'पीटी, पीटी' करायला लागली, तेव्हा मी फारसं लक्ष दिलं नाही.

नव्वद सालानंतरची ही गोष्ट. आम्ही पिंपळवंडीच्या शिवारात राहतो. मुलगा टेम्पोवर होता, पहाटेच नारायणगावच्या बाजाराला जायचा. शेत सून आणि मी बघायचो. नात सकाळी उठून गोठ्यातलं शेण काढायची, गवताचा भारा आणायची, मग दप्तर घेऊन कालव्याच्या कडेनं चालत शाळेत जायची. संध्याकाळी आली की पुन्हा तेच. आमच्याकडच्या सगळ्याच पोरींचं असं होतं, त्यात सांगण्यासारखं काही नाही.

एक दिवस ती तोंड पाडून घरी आली.

"काय झालं गं? मार खाल्लास का?"

"न्हाई. नव्या सरांनी विचारलं, रोज व्यायाम कोण कोण करतं. मी हात वर केला. सर म्हणले, काय करतीस? मी म्हणलं, शेण काढते, भारा आणते. सगळी हसली."

"सर पण हसलं?"

"न्हाई. सर म्हणले, ते काम झालं. व्यायाम येगळा."

हे सर नवेच आले होते. तरुण होते, गळ्यात कायम शिट्टी. पालकांच्या मीटिंगला मी गेले होते, कारण मुलाला वेळ नव्हता आणि सुनेला लाज वाटायची. तिथं हे सर म्हणाले की, हल्लीच्या मुलांची हालचाल फार कमी झाली आहे. मी आजूबाजूला बघितलं. कुणाची कमी झाली आहे ते काही त्यांनी सांगितलं नाही. आमच्या घरात तरी बसलेलं कुणी नव्हतं. माणूस शहरातलं असेल, तिकडचं बोलत असेल, असं समजून मी घरी आले.

पण मग सरांनी सगळ्या पोरींना मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या, आणि दुसऱ्याच फेरीत माझ्या नातीच्या पोटात कळ आली. खाली बसली ती उठेना. बाजारपेठेत एका चाचांचं बांगड्यांचं दुकान आहे, त्यांची मुलगी तिच्या वर्गात. अंगानं काडी. दुकानात बसून बायकांच्या हातात बांगड्या भरायची, एवढंच तिचं काम. ती पोरगी न थांबता पळत राहिली आणि वर गाणं म्हणत होती, असं नातीनं सांगितलं.

इथं मी पहिल्यांदा गोंधळले. भारा उचलणारी बसते आणि बांगड्या भरणारी पळते, हे कसं? मला वाटलं सकाळी काहीतरी वाईट खाल्लं असेल. सरांचं म्हणणं वेगळं होतं. कांदे लावून, गवत कापून हिची पाठ आणि हात पक्के झालेत, पण छातीत दम नाही. दम वेगळा कमवावा लागतो म्हणे. मी म्हणलं, बरं.

नातीनं ते मनावर घेतलं. सरांनी मुलींचा खो-खोचा संघ करायचं ठरवलं होतं, जुन्नरला तालुक्याच्या स्पर्धेला न्यायला. हिला त्या संघात जायचंच होतं. का ते तिला सांगता यायचं नाही. मी विचारलं, तिथं काय मिळतं? म्हणाली, काही नाही. जेवण? डबा आपलाच न्यायचा. मग कशाला? तर म्हणायची, "मला जायचंय." संध्याकाळी शेण-पाणी उरकलं की खळ्याभोवती गोल गोल पळायची. ऊस खळ्याला लागून वाढलेला, त्यात बिबट्याची भीती, म्हणून मी तिला खळ्याच्या पुढं जाऊ द्यायचे नाही. मग ती खळ्यातच गरगर फिरायची, मळणीच्या बैलासारखी. बैलाच्या पायाखाली निदान बाजरी असते.

शेजारच्या वस्तीवरची बाई बांधावरून बघायची. ती माझ्या सुनेच्या वयाची, मला आत्याबाई म्हणायची आणि तोंडानं फटकळ.

"आत्याबाई, पोरगीच्या मागं कुत्रं लागलंय का भूत?"

"सर लागलंय," मी म्हणलं.

"एवढी रग हाये तर आमच्या वाफ्यात धाडा की. आमाला माणूस पाहिजेच हाये."

माणूस तिला पाहिजेच होतं, आणि द्यायचं आमच्याकडं होतं. आमच्याकडं कांद्याची लागण सावडीनं व्हायची. म्हणजे मजूर लावायचे नाहीत. आज सगळ्यांनी माझ्या शेतात रोपं लावायची, उद्या मी त्यांच्या शेतात जायचं. ज्या घरातून जितकी माणसं आली, तितकी त्या घरी फेडायची. कोण यायचं त्याला बंधन नाही. सून नाही आली तर जाऊ आली, जाऊ नाही आली तर पोरगी आली, माणसाला माणूस मिळालं की झालं. फक्त जवान माणसाच्या जागी जवान लागतं. म्हातारं माणूस अर्धं धरतात. मला ते मान्य आहे. माझा गुडघा तेव्हाच कुरकुरायला लागला होता आणि वाफ्यात बसून सरकताना मी मागं पडायचे.

दिवाळी होऊन गेल्यावर सुनेचे वडील आजारी पडले आणि ती माहेरी गेली. नेमकी त्याच वेळेला शेजारणीची सावड आली. तिचं एक जवान माणूस आमच्याकडं येऊन गेलेलं, ते त्या दिवशी फेडायचं. घरात मी आणि नात. सकाळी मी तिला म्हणलं, दप्तर ठेव, आज लागणीला जायचंय.

ती रडली नाही, ओरडली नाही. दप्तरही खाली ठेवलं नाही. मग म्हणाली, "आज निवड हाये."

"कसली?"

"खो-खोची. दुपारच्या तासाला. आज जी नसंल ती गेली."

आता सावड चुकवता येत नाही. एकदा चुकवली की पुढच्या साली आपल्या वाफ्यात कुणी पाय टाकत नाही. पोरीचं तोंड बघून मी म्हणलं, "तू लागणीला जा. शाळेचं मी बघते. तुझं नाव तिथं लागंल." तिला वाटलं मी सरांना सांगून निवड पुढं ढकलणार. माझ्या डोक्यात वेगळं होतं, आणि मला वाटलं ते तिलाही समजलं आहे.

शाळेचं ते मैदान आधी नुसता दगडाचा माळ होता. गावानं श्रमदान करून ते सपाट केलं. घरटी एक माणूस यायचं ठरलं होतं. आमच्या घरातून मुलाचं नाव होतं, पण त्याला टेम्पो होता, म्हणून मी गेले. कुदळ मारली, पाट्या वाहिल्या. संध्याकाळी हेडमास्तरांनी मुलाचं नाव वाचलं तेव्हा मी 'हाय' म्हणलं आणि कुणाची काही तक्रार नव्हती. आता त्याच मैदानावर त्याच घरातलं एक माणूस पाहिजे होतं. जवान माणूस मी सावडीला दिलं होतं. शाळेत तर मोजायला कुणी शेजारीण नव्हती, तिथं अर्धं माणूस चालून जाईल असं मला वाटलं.

दुपारी मी पोचले तेव्हा पोरी दोन खांबांच्या मधे ओळीनं बसल्या होत्या. मी चपला कडेला काढल्या, पदर खोचला आणि ओळीच्या शेवटी जाऊन बसले. सर नावं घेत होते. नातीचं नाव आलं तसं मी म्हणलं, "हाय."

सगळ्या वळून बघायला लागल्या. सर जवळ आले.

"आजी, तुम्ही?"

"तिच्या बदली. ती सावडीला गेलीय. काय करायचं ते सांगा."

मग जे हसणं सुरू झालं ते थांबेना. एक आगाऊ पोरगी म्हणाली, "आजी, लुगड्यात पळणार का तुमी?"

"तुझी आजी काय चड्डीत पळती का गं?" मी म्हणलं. ती गप्प झाली, पण बाकीच्या आणखीच हसल्या.

सरांनी मला कडुलिंबाखाली नेलं. हसू त्यांनाही आवरत नव्हतं, पण बोलले नीट.

"आजी, असं चालत नाही."

"का बरं? हे मैदान केलं तवा चाललं. पोराच्या नावावर मी दगडं वेचली हितं."

"ते काम होतं. काम कुणीही केलं तरी होतं. पण तुम्ही पळालात तर तिचा दम कसा वाढेल?"

"मग माझा वाढंल."

"वाढेल. पण मी तुमची निवड करून काय करू?"

मेहनत म्हणजे मेहनत, ती कुणीही कुणासाठी करावी, असंच आमचं सगळं चाललेलं. ज्याचं त्यानंच करायचं असं मला चारच गोष्टींचं माहीत होतं: जेवण, दुखणं, बाळंतपण आणि मरण. त्यात सरांनी खो-खो घातला. ज्या मेहनतीनं एक वाफा लागत नाही की एक हंडा भरत नाही, तिलाच नेमकं बदली माणूस चालत नाही, हे माझ्या डोक्यात बसेना.

आता तर ते आणखीच बसत नाही. नात आता आंबेगाव तालुक्यात अवसरीला नांदते. तिथं सरकारी इंजिनियरिंगचं कॉलेज झालं आहे. पोरं खानावळीत जेवायला मोटारसायकलवर येतात. हाकेच्या अंतरावर राहतात, तरी गाडीवर. आणि संध्याकाळी तीच पोरं आखूड चड्ड्या घालून मैदानाभोवती पळतात. मी तिच्याकडं राहायला गेले की ओट्यावर बसून बघते. एकदा मी एकाला विचारलं, "बाबा, जेवायला पळत का येत न्हाईस? दोन्ही कामं व्हतील." तो म्हणाला, "आजी, जेवायच्या आधी पळलं तर घाम येतो." घामासाठीच तर पळत होता ना? मी पुढं विचारलं नाही. नात आतून म्हणाली, "आजी, जाऊ दे."

तर त्या दिवशी कडुलिंबाखाली सर मला म्हणाले, "तास संपायच्या आत तिला पाठवा. मी तिला सगळ्यात शेवटी बघतो."

मी चपला हातात घेऊन बांधाबांधानं निघाले. गुडघा ठणकत होता. शेजारणीच्या शेतात पोचले तर बायका वाफ्यात ओळीनं बसलेल्या, नात मधे, कोपरापर्यंत चिखल.

"कुठं गेला व्हता आत्याबाई पदर खोचून?" शेजारणीनं विचारलं.

मी जे झालं ते सांगितलं. लपवण्यासारखं काही नव्हतं. एक बाई हसता हसता मागं पडली आणि रोपाच्या जुडीवरच बसली. शेजारीण डोळे पुसत म्हणाली, "मग? झाली का निवड तुमची?"

नात मात्र हसली नाही. तिला वाटलं तिचं नाव मी घालवलं.

"ऊठ," मी म्हणलं. "सर थांबल्यात. तुझ्या जागी मी बसते."

"थांबा थांबा," शेजारीण म्हणाली. आता ती हसत नव्हती. "जवान माणूस काढून म्हातारं बसवता व्हय? मी तुमच्याकडं अख्खं माणूस धाडलं व्हतं."

"मी उद्या पण येते. आज अर्धं, उद्या अर्धं. झालं तुझं अख्खं?"

तिनं जरा विचार केला. "उद्या सकाळपासनं यायचं. दुपारनं न्हाई."

"येते."

"मग जाऊ द्या पोरीला."

नात उठली ती तशीच निघाली. हात धुतले नाहीत, चपला घातल्या नाहीत. वाफ्यांच्या वरंब्यावरून, मग कालव्याच्या भरावावरून पळत गेली. बायका हातातली रोपं तशीच धरून बघत राहिल्या.

"लई पळती की गं," एक म्हणाली.

"हितं पळून काय उपेग," दुसरी म्हणाली, "तिथं दम राहाया पाहिजे."

आणि तेच झालं. शाळेत पोचेपर्यंत अर्धा दम रस्त्यातच गेला. सरांनी तिला पाणी पाजलं, जरा बसवलं आणि मग पळवलं. संध्याकाळी घरी आली ती दारातच म्हणाली, "घेतलं."

"मग झालं तर."

"राखीव म्हणून घेतलं."

म्हणजे काय ते तिनं सांगितलं, पण तोंड वाकडं करून. दोन दिवसांनी सर स्वतः घरी आले. शाळेत बाई शिक्षिका नव्हत्या, मुलींबरोबर जुन्नरला जायला कुणीतरी बाईमाणूस पाहिजे होतं, नाहीतर आईबाप पोरींना सोडत नव्हते. सर म्हणाले, तुम्ही चला. मी चहा टाकला आणि विचारलं, "ते राखीव म्हंजे काय असतंय?"

"एखादी मुलगी पडली, लागलं, तर तिच्या बदली जायचं."

मी चहाचं भांडं खाली ठेवलं. "म्हंजे बदली माणूस चालतं की!"

सरांनी मान खाजवली. "चालतं, पण ते आधी ठरवलेलं असतं, आजी."

"मी पण आधीच ठरवून आले व्हते."

सर चहा पिऊन गेले. चहा चांगला झालाय एवढंच म्हणाले.

जुन्नरला आम्ही एसटीनं गेलो. मैदानाला चुन्याच्या रेषा मारलेल्या, कडेला ताडपत्री अंथरलेली. पश्चिमेकडच्या डोंगरातल्या गावांतून पोरी आल्या होत्या, पायानं बारीक आणि हरणासारख्या चपळ. आमच्या पोरी खेळायला उतरल्या आणि माझी नात माझ्याशेजारी ताडपत्रीवर बसली. चपला काढून तिनं माझ्याकडं दिल्या होत्या. एक सामना झाला, आमच्या पोरी जिंकल्या. ही बसलेली. ऊन वर आलं, भाकरी खाल्ल्या, ही नीट जेवली नाही, पळायला लागलं तर पोटात जड होईल म्हणून. दुसरा सामना सुरू झाला, तरी ही बसलेली. मला वाटलं, दिवस गेला. घरी असती तर निदान गवत झालं असतं. कुणी घसरलं की ती ताडपत्रीवरून अर्धी उठायची, आणि पडलेली उठून पळाली की पुन्हा बसायची. कुणीतरी पडावं असं तिला वाटत होतं का, ते मी विचारलं नाही. मला तसं वाटायला लागलं होतं.

आणि पडली ती बांगडीवाल्या चाचांची पोरगी. खांबाला वळसा घालताना पाय मुरगळला. सर तिला उचलून बाजूला घेऊन आले आणि नातीकडं बघून नुसती मान हलवली.

नात उठली. पण गेली नाही. आधी त्या पोरीजवळ वाकली. ती पोरगी पाय धरून कण्हत होती, तरी म्हणाली, "जा ना! बघतीस काय? माझ्या जागी जा!"

ही गेली. कांद्याच्या वाफ्यात बसतो तशी त्या चौकोनात बसली. पाठीवर थाप पडली, 'खो' ऐकू आलं, उठली, पळाली, पुढच्या पोरीला खो दिला, बसली. पुन्हा उठली. दम टिकला. माझं तिकडंच लक्ष होतं, बाकीचा खेळ मला समजत नव्हता. शेवटी डोंगरातली एक पोरगी रेषेजवळ सापडली आणि हिनं अंग झोकून तिच्या पाठीला हात लावला. त्याच वेळी पंचांची शिट्टी वाजली. आमच्या पोरी म्हणाल्या, बाद. त्यांच्या म्हणाल्या, वेळ आधी संपली. बराच वेळ वाद चालला. पंचांनी बाद दिलं नाही. आम्ही हरलो.

नात आली, कोपर सोलवटलेलं, तोंड मातीनं भरलेलं, आणि हसत होती. हरल्यावर हसायचं काय ते मला कळलं नाही. म्हणाली, "आजी, हात लागला व्हता. मला म्हाईत हाये."

"मग तसं पंचांना सांगायचं."

"जाऊ दे. लागला व्हता."

मी तिला चपला द्यायला गेले तेव्हा माझ्या ध्यानात आलं की त्या माझ्या दोन्ही हातांत घट्ट धरलेल्या आहेत आणि मी उभी आहे. ती आत गेल्यापासून मी उभीच होते. दुखऱ्या गुडघ्यावर, उन्हात. बसायला ताडपत्री होती, सावली होती, खेळ मला समजत नव्हता आणि माझ्या उभं राहण्यानं तिचं काहीच होणार नव्हतं. मग मी का उभी राहिले, ते मला अजून सांगता येत नाही.